‘येथे क्लिक करा’च्या जागी काय लिहावं, आणि त्याने सर्चमध्ये खरंच फरक पडतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सायकल दुरुस्तीवर तुम्ही मराठीत सुमारे ३०० लेख लिहिले आहेत. जवळजवळ प्रत्येक लेखात ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ अशा लिंका आहेत. कुणीतरी सांगितलं की त्या जागी कीवर्ड, म्हणजे लोक सर्चमध्ये टाइप करतात ते शब्द टाका, गूगलमध्ये वर याल. म्हणून तुम्ही चाळीस लिंका बदलल्या आणि सगळीकडे ‘सायकल दुरुस्ती’ लिहिलंत. महिना उलटला, काहीच हललं नाही. आता उरलेल्या बदलायच्या का, आणि बदलायच्या तर हेच शब्द ठेवायचे का?

उरलेल्या जरूर बदला. पण हे शब्द ठेवू नका, आणि बदललेल्या चाळीसही पुन्हा हातात घ्याव्या लागतील. वाईट वाटून घेऊ नका, हे काम मीही आयुष्यात दोनदा केलंय.

लिंकचे शब्द, ज्याला आमच्या धंद्यात, म्हणजे साइटी सर्चमध्ये वर आणण्याच्या धंद्यात, अँकर टेक्स्ट म्हणतात, ते म्हणजे पलीकडच्या खोलीच्या दारावरची पाटी. तुम्ही काय केलंत, तर चाळीस वेगवेगळ्या खोल्यांवर एकच पाटी लावलीत. पंक्चर काढायचा लेख ‘सायकल दुरुस्ती’, ब्रेकचा लेख ‘सायकल दुरुस्ती’, हेडसेटच्या (हँडल फिरतं त्या सांध्याच्या) बेअरिंगचा लेखही ‘सायकल दुरुस्ती’. तुमची अख्खी साइटच सायकल दुरुस्तीवर आहे. त्यामुळे या पाटीवरून कोणती खोली कशाची हे वाचकालाही कळत नाही आणि गूगलच्या बॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅमलाही नाही. ‘येथे क्लिक करा’ निदान प्रामाणिक तरी होतं. काहीच सांगत नव्हतं, पण दिशाभूलही करत नव्हतं.

या शब्दांना महत्त्व कशामुळे आलं ते कळलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील. गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली आपल्या सर्च इंजिनाची रचना सांगणारा शोधनिबंध लिहिला. त्यात हे उघड लिहिलेलं आहे: लिंकचे शब्द, लिंक ज्या पानावर आहे त्याच्या नावावर तर जमा होतात, पण ती ज्या पानाकडे जाते त्याच्याही नावावर जमा करायचे. कारण एखादं पान स्वतःबद्दल जे सांगतं, त्यापेक्षा इतरांनी त्याच्याबद्दल लिहिलेले दोन-चार शब्द बरेचदा जास्त नेमके असतात. शिवाय चित्रासारख्या गोष्टीत वाचण्याजोगा मजकूरच नसतो. तिथे लिंकच्या शब्दांवरून निदान अंदाज बांधता येतो. त्यावेळी त्यांनी गोळा केलेल्या २ कोटी ४० लाख पानांमधून २५ कोटी ९० लाखांहून जास्त लिंकांचे शब्द मिळाले होते. मूळ कल्पना त्यांचीही नव्हे. वर्ल्ड वाइड वेब वर्म नावाच्या आधीच्या सर्च इंजिनात ती होती, आणि निबंधात त्यांनी तसं म्हटलंही आहे.

याचा गमतीदार परिणाम बरीच वर्षं बघायला मिळायचा. गूगलमध्ये इंग्रजीत ‘क्लिक हिअर’ एवढंच शोधलं की अडोबी रीडर डाउनलोड करायचं पान वर यायचं. जगभरच्या साइटवाल्यांनी ‘पीडीएफ उघडत नसेल तर रीडरसाठी इथे क्लिक करा’ असं लिहून ठेवलेलं. गूगलने भोळेपणाने त्याचा अर्थ लावला की हे पान ‘इथे क्लिक करा’ या विषयावरचं आहे. तुमच्या जुन्या लिंका नेमकं हेच सांगत होत्या.

मग अर्थातच लोकांनी या भोळेपणाचा फायदा घेतला. २००३ मध्ये अनेकांनी ठरवून ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून जॉर्ज बुश यांच्या अधिकृत परिचयाच्या पानाला लिंका दिल्या, आणि ते शब्द शोधले की तेच पान पहिलं येऊ लागलं. असले प्रकार निष्प्रभ करण्यासाठी गूगलला २००७ च्या जानेवारीत खास उपाय जाहीर करावा लागला. ती राजकीय चेष्टा होती. धंद्यातली चेष्टा मात्र फार मोठी होती, आणि तिच्यात मीही होतो.

२०११ च्या सुमारास एका ग्राहकासाठी आम्ही बाहेरच्या शेकडो साइटांवरून लिंका मिळवल्या, म्हणजे खरं तर विकत घेतल्या. सगळ्या एकाच तीन शब्दांवरून. तेव्हा ते चालायचं, आणि चाललंही. २४ एप्रिल २०१२ ला गूगलने निकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आणला. पुढच्या काही दिवसांत ग्राहकाचं ते पान निकालांतून गायब झालं. त्यानंतर कित्येक महिने मी लोकांना मेल लिहून ‘कृपया आमची लिंक काढा’ अशी विनवणी करत बसलो होतो. एकच साचेबद्ध वाक्य शेकडो अनोळखी लोकांनी आपणहून लिहिलेलं असू शकत नाही, हे ओळखायला यंत्राला फार अक्कल लागत नाही. तुम्हाला ज्यांनी ‘कीवर्ड टाका’ सांगितलं, त्यांचा सल्ला बहुधा २०१२ च्या आधीच्या काळातून आलाय.

आता लगेच घाबरून जाऊ नका. बाहेरच्या साइटांवरच्या लिंका आणि स्वतःच्या साइटवरच्या लिंका यांत मोठा फरक आहे. पेंग्विनचा रोख बाहेरून गोळा केलेल्या बनावट लिंकांवर होता. स्वतःच्या साइटमध्ये एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे नेमक्या शब्दांत लिंक दिली म्हणून शिक्षा झाल्याचं मी तरी कधी पाहिलेलं नाही. तिथे अति केल्याचा तोटा वेगळा असतो: वाक्यं वाचवत नाहीत, आणि तुमच्यासारखी एकच पाटी सगळीकडे लागली की तिचा अर्थच संपतो.

फरक किती पडेल हे मात्र बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. पलीकडचं पान मुळात चांगलं उत्तर देत असेल पण साइटच्या कोपऱ्यात पडून असेल, त्याच्याकडे फक्त यादीतून वाट जात असेल, तर तीन-चार संबंधित लेखांमधून नीट शब्दांत लिंका दिल्यावर ते वर सरकताना मी अनेकदा पाहिलंय. ज्या विषयावर आधीच शंभर दर्जेदार पानं आहेत तिथे नुसत्या पाट्या बदलून काही होत नाही. आणि पलीकडचं पान पोकळ असेल तर पाटी जितकी चांगली तितका वाचकाचा भ्रमनिरास मोठा.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. तुम्ही प्रश्नात एक उतारा दिला होता, तोच घेतो (डिरेलर म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग):

‘चेन उतरत असेल तर डिरेलरची सेटिंग बिघडलेली असू शकते. ती कशी करायची हे जाणून घेण्यासाठी येथे क्लिक करा. चेन झिजली असल्यास येथे क्लिक करा.’

यातलं ‘येथे क्लिक करा’ पुसून तिथे ‘डिरेलर सेटिंग’ चिकटवणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. वाक्य पुन्हा लिहा. लिंक कुठे येते ते चौकटी कंसांत दाखवतो:

‘चेन शेवटच्या गिअरच्या पलीकडे जाऊन उतरत असेल तर आधी [मागच्या डिरेलरचे लिमिट स्क्रू तपासा]. चेन उतरत नाही, पण पेडलवर जोर दिला की दात सोडून उडी मारते, असं असेल तर [चेन आणि स्प्रॉकेट किती झिजलेत ते मोजून बघा].’

काय झालं बघा. दोन्ही लिंका वाक्याबाहेर काढून नुसत्या वाचल्या तरी पलीकडे काय आहे ते कळतं. माझी एकुलती एक कसोटी तीच: लिंक मोठ्याने वाचायची, आजूबाजूचं काही न वाचता, आणि ‘कशाबद्दल?’ असा प्रश्न उरतो का ते बघायचं. दुसरं, ‘जाणून घेण्यासाठी’ वगैरे भरताड गळून पडलं. आणि तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी: लिंक नेमकी लिहायला बसल्यावर तुम्हाला दोन वेगळे बिघाड वेगळे सांगावे लागले. आधीच्या उताऱ्यात ते एकमेकांत मिसळले होते. लिंकचे शब्द सुचत नसतील तर बहुतेक वेळा वाक्यातच काहीतरी धूसर असतं.

मराठीत लिहिताना एक सोय आहे, ती वापरत चला. ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ हे मुळात इंग्रजी वाक्याचं भाषांतर. (एके काळी काही ब्लॉगवर ‘येथे टिचकी मारा’ असायचं. शब्द गोड, पण आजार तोच.) आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘लिमिट स्क्रू तपासा’, ‘झीज मोजून बघा’ असा वाक्याचा शेवटचा तुकडा जसाच्या तसा लिंक होऊ शकतो. त्यात विषयही येतो आणि वाचकाने काय करायचं तेही.

प्रत्ययांचं मात्र सांभाळा. ‘डिरेलरच्या सेटिंगसाठी’ यात लिंक ‘सेटिंग’वर संपवून ‘साठी’ बाहेर लोंबकळत ठेवू नका. अख्खा शब्द आत घ्या. ‘ब्रेकांत’ या शब्दातला फक्त ‘ब्रेक’ निवडून लिंक केलीत तर काना आणि अनुस्वार बाहेर राहतात, आणि काही ब्राउझरांत तिथे ठिपक्यांचं गोल भूत दिसतं. याच्या उलट, कीवर्ड मूळ रूपात दिसावा म्हणून ‘सायकल ब्रेक घट्ट करणे यासाठी बघा’ असली मोडकी वाक्यंही लिहू नका. वाचक शब्द कसे शोधतात याचा अंदाज सर्च इंजिनाला असतो. तुम्ही व्याकरण मोडून त्याला मदत होत नाही.

सगळ्या लिंकांत तेच शब्द ठेवायचे का, याचं उत्तर जरा उलटं आहे. एका पानाकडे जाणाऱ्या लिंकांचे शब्द वेगवेगळे असायला हरकत नाही, किंबहुना असावेतच. समजा लेखाचं शीर्षक आहे ‘साखळीची झीज व ती बदलण्याची वेळ’. शुद्ध आहे, छान आहे. पण अडलेला माणूस ‘साखळी’ लिहीत नाही, तो ‘चेन’ लिहितो. ‘चेन कधी बदलायची’, ‘चेन उडी मारते’. शीर्षकात तुम्ही हे सगळं कोंबू शकत नाही. लिंकांमध्ये मात्र एका लेखातून ‘चेन कधी बदलायची’, दुसऱ्यातून ‘झिजलेली साखळी ओळखा’, असं त्या-त्या संदर्भाला शोभेल तसं लिहिता येतं. वाचकाच्या तोंडचा शब्द वापरण्याची ही हक्काची जागा आहे. जे कधीच करू नये ते म्हणजे दोन वेगळ्या पानांना एकच शब्द. पुढच्या ब्रेकचा लेख आणि डिस्क ब्रेकचा लेख, दोन्हींकडे ‘ब्रेक घट्ट करा’ या शब्दांनी लिंका गेल्या की ते शब्द शोधणाऱ्याला कोणतं पान दाखवावं हा गोंधळ तुम्हीच तयार केलात.

हे सगळं हाताने करायचं? तीनशे लेख? हो, हातानेच. अमुक शब्द दिसला की आपोआप लिंक लावणारी प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचे छोटे प्रोग्रॅम असतात आणि तुम्हाला त्यांचा मोह होणार, म्हणून माझी दुसरी फजिती सांगतो. एका साइटवर मी नियम लावला: ‘ब्रेक’ शब्द दिसला की ब्रेकच्या मुख्य लेखाची लिंक लाव. रात्रीत काम झालं. दोन आठवड्यांनी एका वाचकाने पत्ता पाठवला. लेखातलं वाक्य होतं, ‘हात दुखू लागले की थोडा ब्रेक घ्या आणि मग पुढचा नट सोडवा.’ त्यातला ‘ब्रेक’ निळा, अधोरेखित, आणि क्लिक केलं की रिम ब्रेकचे रबर बदलायची सचित्र माहिती. असे पंचवीसेक ‘ब्रेक’ निघाले. ते शोधून काढायला लिंका हाताने लावण्याइतकाच वेळ गेला.

लिंकांचे वाचक फक्त गूगल आणि तुमच्या-माझ्यासारखे डोळस लोक नाहीत, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम वापरतो. एनव्हीडीए किंवा जॉज या स्क्रीन रीडरांमध्ये इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या लिंकांची यादी निघते, बाकीच्या मजकुराशिवाय. एका चाचणीत मी शेजारी बसून ऐकत होतो. ‘येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. पुढे वाचा. येथे क्लिक करा.’ चौथ्याला त्या गृहस्थांनी हेडफोन काढून माझ्याकडे तोंड वळवलं. काही बोलले नाहीत. वेबच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत यावर दोन कलमं आहेत. २.४.४ हे किमान पातळीचं: लिंकचा हेतू तिच्या शब्दांवरून किंवा लगतच्या वाक्यावरून कळला पाहिजे. २.४.९ हे सर्वोच्च पातळीचं: नुसत्या शब्दांवरून कळला पाहिजे. म्हणजे वाक्यात बसलेलं ‘येथे क्लिक करा’ किमान निकषातून कदाचित सुटेलही. यादी ऐकणाऱ्या माणसाचा त्याने काही उपयोग होत नाही. सर्चसाठी आणि या वाचकासाठी करायचं काम अगदी एकच आहे, त्यामुळे सर्चमध्ये फायदा शून्य निघाला तरी मी हे बदल करा असंच सांगेन.

तांत्रिक बाबी पटकन उरकतो. लिंक ही खरीखुरी लिंक हवी, म्हणजे पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये ए टॅग आणि त्यात एचरेफचा पत्ता. जावास्क्रिप्टने क्लिक पकडणारं बटण माणसाला लिंकसारखं दिसतं, पण गूगलचा बॉट त्यामागे जाईल याचा भरवसा नाही. चित्राला लिंक असेल तर त्याचा ऑल्ट मजकूर, म्हणजे कोडमध्ये लिहिलेलं चित्राचं वर्णन, हाच लिंकचा मजकूर धरला जातो. तो रिकामा सोडलात तर पाटी कोरी. मुख्य पानावर प्रत्येक लेखाच्या चौकटीत शीर्षकालाही लिंक आणि खाली ‘पुढे वाचा’लाही लिंक असते, तिथे शीर्षकाची पुरे, दुसरी काढून टाका. पीडीएफकडे जाणाऱ्या लिंकमध्ये तसं लिहा, नाहीतर फोनवर वाचणारा वैतागतो. एकाला एक लागून पाच लिंका ठेवू नका. प्रत्येकीला आजूबाजूला थोडं वाक्य मिळालं तर तिचा अर्थ पक्का होतो. शब्द किती असावेत याला नियम नाही. माझ्या लिंका साधारण तीन ते सात शब्दांच्या निघतात, कारण मराठीत तेवढ्यात बरंच सांगून होतं. अख्खा परिच्छेद लिंक केलेला मात्र बघवत नाही.

काम कुठून सुरू करायचं? सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट सर्चमध्ये कुठे दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन उघडा, आणि ज्या पानांचा सरासरी क्रमांक आठ ते वीसच्या दरम्यान आहे अशी दहा पानं निवडा. ती दारात उभी आहेत, थोडा धक्का पुरतो. प्रत्येक पानासाठी, त्या विषयाचा उल्लेख आधीच झालेला आहे असे तुमचेच जुने लेख शोधा, आणि त्या उल्लेखाच्या जागी लिंक द्या. लेखाच्या तळाशी ‘हेही वाचा’ची रांग असण्यापेक्षा ही मधली लिंक मला नेहमी जास्त उपयोगी वाटत आलीय, कारण प्रश्न डोक्यात आला त्याच क्षणी ती समोर असते. सर्च कन्सोलमधल्या लिंकांच्या अहवालात बाहेरच्यांनी कोणते शब्द वापरले ते दिसतं. तुमच्या अंतर्गत लिंकांची फक्त संख्या दिसते, शब्द नाहीत. त्या शब्दांची यादी काढायला स्क्रीमिंग फ्रॉगसारखा क्रॉलर, म्हणजे साइटचं पान न् पान वाचणारा प्रोग्रॅम लागतो. त्याची मोफत आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते; त्यात चित्रं वगैरेंचे पत्तेही मोजले जातात, ते वगळलेत तर तुमचे लेख बसतील. यादी शब्दांनुसार लावा; ‘येथे’ने सुरू होणाऱ्या सगळ्या एका जागी येतील, आणि एकाच शब्दांनी दोन ठिकाणी जाणाऱ्याही.

महिन्याभरात काही हललं नाही यात नवल नाही. ज्या लेखात तुम्ही लिंक बदललीत तो लेख बॉटने आधी पुन्हा वाचायला हवा, आणि क्वचित बदलणाऱ्या जुन्या लेखांकडे तो सावकाश फिरकतो. दहा पानांचं काम करून तारीख लिहून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच दहांचे आकडे बघा. दरम्यान बाकीच्यांत हात घालू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

बाहेरच्या साइटांनी कोणत्या शब्दांत लिंक द्यावी हे त्यांना सांगायला जाऊ नका. लोक बहुतेक वेळा लेखाचं शीर्षकच कॉपी करून चिकटवतात, तेव्हा शीर्षक नेमकं लिहिणं एवढंच तुमच्या हातात आहे, आणि ते पुरेसं आहे. कुणाला पैसे देऊन लिंक घेतलीच तर तिला कोडमध्ये स्पॉन्सर्ड ही खूण हवी, म्हणजे ती पैशाची आहे हे गूगलला कळतं. ही खूण गूगलने २०१९ मध्ये आणली. त्याआधी २००५ पासून नोफॉलो, म्हणजे ‘ही लिंक क्रमासाठी धरू नका’ सांगणारी खूण, होतीच.

राहता राहिल्या तुमच्या त्या चाळीस. त्यांतली एक लिंक ‘सायकल दुरुस्ती’ अशीच राहू द्या, लेखाच्या वर मुख्य पानाकडे जाणारी. तिथे ती पाटी अगदी बरोबर आहे. उरलेल्या एकोणचाळीसना आपापली नावं द्या. सुरुवात हेडसेटच्या लेखापासून करा. तो तुमचा सगळ्यात चांगला लेख आहे, आणि मला तो सापडला तो निव्वळ तुमच्या यादीत खालपर्यंत स्क्रोल केलं म्हणून.